प्रस्ताव दहा दिवस आधी गोठवू पाहणाऱ्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता (संशोधन), मा. वित्त अधिकारी
आणि ऑनलाइन प्रस्ताव-प्रणाली समितीचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या कार्यालयाचे नवे परिपत्रक सर्व विभागांना मिळाले आहे. बाहेरच्या निधीसाठी जाणारा प्रत्येक संशोधन प्रस्ताव यापुढे निधी संस्थेच्या मुदतीच्या दहा कामकाजाच्या दिवस आधी अंतर्गत पोर्टलवर पूर्ण स्वरूपात चढवायचा आहे. पूर्ण म्हणजे अंदाजपत्रक, संमतिपत्रे, घोषणापत्रे आणि वैज्ञानिक मजकूरसुद्धा. त्यानंतर एखादी फाइल बदलली, तर झालेल्या सगळ्या मंजुऱ्या रद्द होतील आणि प्रस्ताव पुन्हा पहिल्या टेबलापासून निघेल. जो प्रस्ताव या तारखेपर्यंत पोर्टलवर पोहोचणार नाही, तो संस्था पुढे पाठवणार नाही.

या निर्णयाआधी प्रस्ताव लिहिणाऱ्यांपैकी कुणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विभागांनी लेखी हरकती पाठवल्या, त्यांना ‘नोंद घेतली आहे’ एवढेच उत्तर आले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. असे परिपत्रक एका संस्थेने काढले की दुसऱ्या संस्थांत त्याची प्रत फिरू लागते आणि बघता बघता तीच रीत होऊन बसते, हेही उघडपणे लिहिण्याचे एक कारण.

मी संशोधक नाही. विभागातल्या संशोधकांचे प्रस्ताव बांधून देणे हे माझे काम. कल्पना त्यांची, मजकूर त्यांचा. अंदाजपत्रकाचे तक्ते, पृष्ठमर्यादा, भागीदार संस्थांची पत्रे, ठरलेल्या नमुन्यातले परिचयपत्र, निधी संस्थेच्या सूचनापुस्तिकेतली प्रत्येक अट पाळली गेली की नाही, हे सगळे मी पाहते. मंजूर झालेल्या कुठल्याही प्रकल्पावर माझे नाव नसते आणि त्याची मला खंत नाही. पण प्रस्ताव कुठे अडतो, कुणाच्या सहीसाठी थांबतो आणि थांबल्याने काय गमावले जाते, हे मला रोज जवळून दिसते. एका तरुण संशोधिकेचा प्रस्ताव तयार असूनही गेला नाही, कारण सहसंशोधकाचे विभागप्रमुख रजेवर होते आणि प्रणालीत त्यांच्या जागी सही करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. त्या योजनेचे पुढचे आवाहन येईपर्यंत तिच्या साहाय्यकाची मुदत संपली, तो दुसरीकडे गेला आणि त्याच्या हातात बसलेले काम त्याच्याबरोबर गेले. तिच्या कल्पनेत काही कमी होते असे कुणी म्हटले नाही. तिची कल्पना निधी संस्थेत कुणी वाचलीच नाही.

अंतर्गत मंजुरीच नको, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या निधी संस्थांच्या नियमांनुसार अर्जदार ही संस्था असते, संशोधक व्यक्ती नव्हे. अमेरिकेच्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) किंवा एनएसएफ (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) यांच्याकडे विद्यापीठातून जाणारा प्रस्ताव शेवटी संस्थेचा प्राधिकृत प्रतिनिधी सादर करतो. त्या सादरीकरणाबरोबर संस्था शब्द देते: इतके मनुष्यबळ देऊ, इतकी जागा देऊ, खर्चातला आमचा वाटा उचलू, हितसंबंधांची छाननी करू, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असतील तर संबंधित समितीची परवानगी घेऊ. हा शब्द देण्याआधी विभागप्रमुखाने, वित्त विभागाने आणि आपल्या कार्यालयाने कागद नीट पाहिलाच पाहिजे. त्यासाठी वेळ लागतो आणि तो मिळायला हवा.

पण मंजुरी लागते ती या शब्दाला. प्रयोगाचे वर्णन कोणत्या वाक्यात केले आहे, याला मंजुरी लागत नाही. परिपत्रकाने या दोन गोष्टी एकाच कुलुपात घातल्या आहेत आणि माझ्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पहिली तक्रार वैज्ञानिक मजकूर गोठवण्याची. एनआयएचने २०१० मध्ये आपल्या मुख्य संशोधन अनुदानाच्या अर्जातला संशोधन आराखड्याचा भाग २५ पानांवरून १२ पानांवर आणला. एनएसएफकडे प्रकल्पाचे वर्णन साधारणपणे १५ पानांत बसवावे लागते. इतक्या कमी जागेत प्रत्येक परिच्छेद दुसऱ्या कशाची तरी जागा घेऊन बसलेला असतो. शेवटच्या आठवड्यात प्राथमिक प्रयोगाचा निकाल हाती येतो आणि एक आकृती बदलावी लागते. विषयाबाहेरचा सहकारी वाचून सांगतो की दुसरे उद्दिष्ट पहिल्यावरच उभे आहे, पहिले फसले तर दुसरेही कोसळेल. भागीदार प्रयोगशाळा कळवते की ठरलेले उपकरण तेव्हा उपलब्ध नसेल. प्रस्ताव सुधारतो तो या दिवसांत. परीक्षक गुण देतात तेही याच पानांना. अंतर्गत मंजुरीच्या साखळीतले कुणी ही पाने विज्ञान म्हणून वाचत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. मग त्या दहा दिवसांत या पानांचे नेमके काय तपासले जाणार आहे? समास, अक्षराचा आकार, पानांची संख्या या गोष्टी संगणक काही क्षणांत तपासतो.

यावर आपल्या कार्यालयाचे एक उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. शेवटच्या तासाला येणारे प्रस्ताव चुकीच्या फायलींसह येतात आणि निस्तरण्याचे काम कर्मचाऱ्यांवर पडते. एनआयएचकडे पूर्वी मुदत उलटल्यावरही प्रणालीने दाखवलेल्या चुका दुरुस्त करायला दोन दिवसांची सवलत होती. जानेवारी २०११ पासून ती बंद झाली, त्यामुळे आता सगळी दुरुस्ती मुदतीच्या आतच करावी लागते. पण यातून निष्कर्ष निघतो तो लवकर चाचणी घेण्याचा. प्रस्ताव आधी चढवा, प्रणालीला चुका दाखवू द्या, त्या दुरुस्त करा, मुदतीपर्यंत सुधारलेली प्रत पुन्हा पाठवा. युरोपीय आयोगाच्या निधी पोर्टलवर मुदत संपेपर्यंत प्रस्ताव कितीही वेळा पुन्हा सादर करता येतो आणि शेवटची प्रत ग्राह्य धरली जाते. लवकर चढवण्याची सवय तिथे आपोआप लागते, कारण लवकर चढवल्याने काही गमवावे लागत नाही. आपल्या नियमात मात्र लवकर चढवणाऱ्याचे हात बांधले जातात.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. कोणत्याही बदलाने मंजुरीची साखळी पहिल्यापासून सुरू होणे, ही ती तक्रार. शीर्षकातला एक शब्द बदलला, संदर्भसूचीतले एक वर्ष दुरुस्त केले, तरी विभागप्रमुख, सहसंशोधकांचे विभागप्रमुख, वित्त विभाग आणि आपले कार्यालय, सगळ्यांच्या सह्या पुन्हा. माणसे यावर काय करतील हे सांगायला भविष्यवेत्ता नको. चूक दिसली तरी ती तशीच ठेवतील. मुदतीला चार दिवस उरले असताना अंदाजपत्रकाच्या समर्थनात एका साहाय्यकाचा कालावधी चुकलेला दिसला आणि दुरुस्त केल्यास सगळ्या सह्या जाणार असतील, तर संशोधक गप्प बसण्याचा मोह कसा आवरेल? तपासणी अचूक व्हावी म्हणून केलेला नियम दिसलेली चूक लपवायला भाग पाडतो. आणि त्या चुकीच्या कागदाला शेवटी संस्थाच जबाबदार राहते.

बदल सगळे सारखे नसतात. एकूण रक्कम, संस्थेचा वाटा, जागा, मनुष्यबळ, नवी भागीदार संस्था, प्रयोगात नव्याने आलेली माणसे किंवा प्राणी, यांतले काही बदलले तर संबंधित टेबलाची मंजुरी पुन्हा हवी. फक्त संबंधित टेबलाची. बाकीच्या बदलांची प्रणालीने नोंद ठेवावी, जुनी प्रत जपावी आणि सगळ्यांना कळवावे. तेवढे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट, मंजुऱ्या एकामागून एक का? चार विभागांचे संशोधक एकत्र आले, तर चार विभागप्रमुखांपुढे तोच कागद क्रमाने जातो. दुसऱ्याची सही पहिल्याच्या सहीवर कुठेच अवलंबून नसते. तरी पहिला प्रवासात असला की उरलेले तिघे तो कागद पाहूही शकत नाहीत. आंतरविद्याशाखीय काम करा, असा आग्रह आपणच सभांमधून धरता. त्या कामाला सर्वांत जास्त उशीर करणारी रचना आपल्याच पोर्टलमध्ये आहे. पडद्यावर फक्त ‘प्रलंबित’ एवढेच दिसते. कुणाकडे आणि कधीपासून, ते दिसत नाही. मग विभागातून फोन सुरू होतात, आपल्या कार्यालयातले लोक वैतागतात, आणि ज्याच्याकडे कागद खरोखर पडला आहे त्याला आपल्यामुळे काही अडले आहे याचा पत्ताही नसतो.

चौथी तक्रार दुहेरी भरण्याची. अंदाजपत्रक आधी आमच्या तक्त्यात तयार होते. तेच आकडे हाताने अंतर्गत पोर्टलवर भरायचे आणि तेच पुन्हा निधी संस्थेच्या पोर्टलवर. अंतर्गत नमुना आर्थिक वर्षानुसार रक्कम मागतो, निधी संस्था प्रकल्पवर्षानुसार. खर्चाची शीर्षके दोन्हीकडे वेगळी. अप्रत्यक्ष खर्चाची (इमारत, वीज, प्रशासन यांसारख्या) टक्केवारी कोणत्या रकमांवर लावायची, याचे नियमही वेगळे. शेवटी पूर्णांकात केलेल्या बेरजांमध्ये किरकोळ फरक पडतो आणि ‘रक्कम जुळत नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत येतो. या फरकामागे कुणाचा हिशेब चुकलेला नसतो. एकच गोष्ट दोन मापांनी मोजायला लावल्यावर फरक येणारच. ग्रँट्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या अनुदान-अर्ज पोर्टलवर संस्थांना आपल्या स्वतःच्या प्रणालीतून थेट अर्ज पाठवण्याची सोय आहे. संशोधकांची ओळख आणि प्रकाशने एका क्रमांकाला जोडणारी ऑर्किडची व्यवस्था २०१२ पासून चालू आहे. एकदा भरलेली माहिती पुन्हा वापरणे अशक्य नाही. आपण ते अजून प्राधान्याचे मानलेले नाही, इतकेच.

पाचवी तक्रार माझ्यासारख्यांची. अंतर्गत पोर्टलवर प्रस्ताव संपादित करण्याचा अधिकार फक्त मुख्य संशोधकाला आहे. तक्ते भरणारी, फायली चढवणारी व्यक्ती दुसरीच असते, हे प्रणालीला माहीतच नाही. परिणामी अनेक विभागांत संशोधक आपला पासवर्ड साहाय्यकाच्या हाती देऊन मोकळे होतात. मी तो घेत नाही. संशोधकाच्या शेजारी बसून, त्यांच्या लॉगिनवर त्यांच्यासमोर काम करते, आणि यात दोघांचाही वेळ जातो. पण प्रश्न वेळेपुरता नाही. ज्या लॉगिनवरून फाइल चढते, त्याच लॉगिनवरून संशोधक ‘वरील माहिती खरी आहे आणि माझे कोणतेही हितसंबंध लपवलेले नाहीत’ असे प्रमाणितही करतो. पासवर्ड फिरू लागला की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. संपादनाचा अधिकार वेगळा आणि प्रमाणित करण्याचा अधिकार वेगळा, ही जगभर रुळलेली गोष्ट आहे. ती इथे नसणे हा संस्थेला असलेला धोका आहे आणि त्याकडे मी लेखी लक्ष वेधते आहे.

मुदतीच्या दिवशी यंत्रणाच कोलमडली तर काय, याबद्दल परिपत्रक काहीच बोलत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आर्थिक उभारीच्या निधीसाठी अर्जांचा लोंढा आला आणि ग्रँट्स डॉट गव्हवर इतका ताण पडला, की अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाला पर्यायी मार्ग ठरवून द्यावे लागले. देशपातळीवरच्या पोर्टलवर ही वेळ येऊ शकते, तर आपल्यावर येणार नाही असे धरून चालता येणार नाही. मुदतीची वेळ हाही गोंधळाचा विषय. एनएसएफची मुदत सामान्यतः प्रस्ताव पाठवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ ची असते, युरोपीय आयोगाची ब्रसेल्सच्या घड्याळाप्रमाणे. आपले पोर्टल नुसती तारीख दाखवते.

हे सगळे किरकोळ वाटत असेल, तर किती श्रम पणाला लागलेले असतात ते पाहावे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ च्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन निधीच्या एका फेरीचा अभ्यास केला. ३,७२७ प्रस्ताव तयार करण्यात मिळून सुमारे ५५० कार्यवर्षे (एका माणसाचे वर्षभराचे काम म्हणजे एक कार्यवर्ष) खर्ची पडली होती. एका नव्या प्रस्तावाला सरासरी ३८ कामकाजाचे दिवस लागले आणि एकूण प्रस्तावांपैकी २०.५ टक्केच मंजूर झाले. अमेरिकेत सरकारी निधीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांच्या २०१८ च्या सर्वेक्षणात त्यांनी सांगितले, की संशोधनासाठीच्या वेळेपैकी सुमारे ४४ टक्के वेळ प्रस्ताव, अहवाल आणि इतर प्रशासकीय गरजांत जातो. पाचांपैकी चार प्रस्ताव गुणवत्तेच्या किंवा निधीच्या कसोटीवर नाकारले जाणार, हे संशोधक स्वीकारतात. तो त्यांच्या व्यवसायाचा भाग आहे. आपल्याच संस्थेच्या पोर्टलवर प्रस्ताव अडून राहणे मात्र त्या स्पर्धेत मोडत नाही.

याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या गटाच्या प्रमुखाकडे स्वतंत्र साहाय्यक असतात, जुन्या प्रस्तावांचे साचे असतात, अधिकाऱ्यांशी ओळख असते आणि एक फोन केला की सही मिळते. दहा दिवसांची अट त्यांना जमेल. पहिलाच प्रस्ताव लिहिणारी, वर्ग घेणारी, परीक्षेचे पेपर तपासणारी व्यक्ती मात्र या अटीत अडकेल. काही योजनांमध्ये आवाहन निघाल्यापासून मुदतीपर्यंत जेमतेम सहा आठवडे असतात. त्यातले दोन आठवडे परिपत्रकाने काढून घेतल्यावर तिच्याजवळ काय उरते, याचा विचार समितीने करायला हवा होता. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातील मुदतीचे दोन भाग करावेत. अंदाजपत्रक, संस्थेच्या हमी, भागीदारांची पत्रे आणि घोषणापत्रे यांच्यासाठी पाच कामकाजाचे दिवस आधीची मुदत ठेवावी. वैज्ञानिक मजकूर आधी मसुदा म्हणून चढेल आणि निधी संस्थेच्या मुदतीच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत बदलता येईल, अशी तरतूद करावी.

कोणत्या बदलाला कुणाची फेरमंजुरी लागेल, याची छोटी यादी प्रसिद्ध करावी. यादीत नसलेल्या बदलाने कोणतीही सही रद्द होऊ नये.

सर्व विभागप्रमुखांकडे प्रस्ताव एकाच वेळी जावा. प्रत्येक मंजुरीदात्याने प्रणालीत आपला पर्यायी अधिकारी नेमलेला असावा. दोन कामकाजाच्या दिवसांत मंजुरी किंवा शेरा आला नाही, तर प्रस्ताव आपोआप पर्यायी अधिकाऱ्याकडे जावा. शेरा लिहिताना नेमके काय दुरुस्त करायचे ते लिहिणे बंधनकारक असावे, आणि सर्व शेरे एकदाच द्यावेत, एक दुरुस्ती झाली की दुसरा असे नको.

प्रस्ताव कुणाकडे आणि कधीपासून आहे, हे त्याच्याशी संबंधित प्रत्येकाला दिसावे. ही वेळ प्रणालीत नोंदली जातेच, ती फक्त दाखवायची आहे.

साहाय्यकांना संपादनापुरता स्वतंत्र लॉगिन द्यावा. ही मागणी आजही पूर्ण करता येईल आणि तिला समितीच्या बैठकीची वाट पाहण्याची गरज नाही.

दुहेरी भरणे थांबवण्यासाठी अंतर्गत नमुन्यात प्रकल्पवर्षाचा पर्याय द्यावा आणि आमचा तक्ता थेट चढवण्याची सोय करावी. निधी संस्थांच्या पोर्टलशी जोडणी करायला वेळ लागेल, हे समजू शकते. त्याचे वेळापत्रक मात्र जाहीर करावे.

पोर्टल बंद पडल्यास प्रस्ताव कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नमुन्यात पाठवायचा आणि त्या संध्याकाळी निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हे आधीच लिहून ठेवावे. मुदतीसोबत वेळ आणि वेळक्षेत्र दाखवावे.

आणि शेवटची मागणी. तयार असलेला प्रस्ताव न पाठवण्याचा निर्णय एका कर्मचाऱ्यावर किंवा प्रणालीवर सोडू नये. तो अधिष्ठात्यांनी स्वतः घ्यावा, त्याचे कारण संशोधकाला लेखी द्यावे, आणि मुदतीआधी निकाल लागेल अशा रीतीने त्यावर दाद मागता यावी. अशा न पाठवलेल्या प्रस्तावांची संख्या आणि कारणे दर सहा महिन्यांनी विद्यापरिषदेपुढे ठेवावीत.

आपल्या कार्यालयातले कर्मचारी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून प्रस्ताव पाठवतात, हे मी पाहिले आहे. या मागण्यांत त्यांच्याविरुद्ध काही नाही. एकाच व्यक्तीवर पंधरा प्रस्तावांचा भार एका दिवशी पडत असेल, तर तिथे माणसे वाढवायला हवीत आणि त्या मागणीवर आमचे विभाग सही करतील. मनुष्यबळ अपुरे आहे म्हणून संशोधकाचे दिवस कापणे, हा त्यावरचा उपाय होत नाही.

पुढच्या निधी फेरीचे आवाहन निघण्याआधी समितीने विभागांतील संशोधक आणि प्रस्ताव-साहाय्यक यांच्यासोबत एक बैठक घ्यावी आणि तोपर्यंत परिपत्रकातील वैज्ञानिक मजकूर गोठवण्याचे आणि संपूर्ण फेरमंजुरीचे अशी दोन्ही कलमे स्थगित ठेवावीत, ही विनंती. लेखी उत्तराची वाट पाहते आहे. ते उत्तरही सर्वांना वाचता येईल असे द्यावे.

आपली विश्वासू,
विभागातील एक प्रस्ताव-साहाय्यक